हँडब्रेकची तार

“पण उस्ताद, गाडी गियरमध्ये कुणी ठेवली होती, हे बघायचं की नाही?”

दस्तगीर उस्ताद कामातच होते. एका टेम्पोच्या डॅशबोर्डखाली ते उताणे पडले होते. दातांत काळ्या टेपचा तुकडा, छातीवर पक्कड.

“गियरमध्ये त्यानंच ठेवली. बटण त्यानंच दाबलं. मी तर तिथं नव्हतोसुद्धा.”

“तू होतास असं कोण म्हणालं?”

सुकुमार टेम्पोच्या दाराशी सरकला.

सुकुमार चौगुले याच पत्र्याच्या शेडमध्ये वायरिंग शिकला होता. मिरजेच्या जुन्या नाक्याजवळचं हे शेड म्हणजे गाड्यांच्या विजेच्या कामाचं मोठं ठिकाण. उस्तादांच्या हाताखालून पुष्कळ पोरं गेली, पण सुकुमारसारखी सफाई कुणाच्या हातात नव्हती. उस्ताद स्वतः तसं म्हणायचे. आणि ते तसं म्हणतात हे सुकुमारला माहीत होतं, तिथंच जरा माशी शिंकली.

पुढं त्यानं सांगलीत स्वतःचं दुकान काढलं. काचेचं दार, पांढरेशुभ्र दिवे. रिमोट स्टार्ट बसवण्यात त्याचं नाव झालं. घरात बसून बटण दाबायचं, खाली गाडी आपोआप सुरू. माणूस चपला घालून येईपर्यंत एसीनं गाडी गार झालेली. लोकांना त्याचं भारी अप्रूप होतं.

हे काम उस्तादही करत, पण त्यांच्याकडं ते रखडायचं. गाडी न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून एक स्विच. हँडब्रेक ओढलेला नसेल तर रिमोटच्या पेटीनं नकार द्यावा म्हणून एक तार. कुणी बॉनेट उघडून वाकलेला असताना इंजिन फिरू नये म्हणून आणखी एक स्विच. हे सगळं झाल्याशिवाय ते गाडी सोडत नसत. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं तरी त्यांना फरक पडत नसे.

“आमचे उस्ताद गाडीला वायरी जोडत नाहीत, ताईत बांधतात,” असं सुकुमार दुकानात चारचौघांत म्हणायचा. गिऱ्हाइकं हसायची. ते बोलणं उस्तादांच्या कानावर गेलं होतं. 

आणि मग मगदूम गुरुजींचं ते घडलं.

गुरुजी निवृत्त शिक्षक. मिरजेबाहेरच्या नव्या वसाहतीत त्यांचं घर. अंगणाला उतार होता, म्हणून त्यांचा मुलगा भरतेश गाडी पहिल्या गियरमध्ये लावायचा. उतारावर शहाणी माणसं तसंच करतात. त्या दिवशी गुरुजींना डोळे तपासायला न्यायचं होतं. ऊन कडक होतं आणि गुरुजींना उन्हाचा त्रास व्हायचा. गुरुजी बसायच्या आधी गाडी जरा गार व्हावी म्हणून भरतेशनं वरच्या खोलीतून बटण दाबलं.

गुरुजी गाडी आणि कंपाउंडच्या भिंतीच्या मध्ये उभे राहून जाईच्या वेलाला पाणी घालत होते. गियरमधली गाडी सुरू होताच पुढं उसळली.

दवाखान्यात ते फार दिवस जगले नाहीत.

सुकुमार भेटायला गेला होता. जाणं भाग होतं, रिमोट त्यानंच बसवलेला. घर माणसांनी भरलं होतं आणि भरतेश एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. त्याची आई आतल्या खोलीत होती. ती मुलाशी एक शब्द बोलत नाही, असं कुणीतरी हळूच सांगितलं.

भरतेशनं सुकुमारचे दोन्ही हात धरले.

“चौगुलेदादा, लोक तुम्हाला नावं ठेवतील. पण मी पोलिसांना सांगितलंय, गाडी मीच गियरमध्ये ठेवली होती. तुमच्या कामात खोट नव्हती. खोट माझ्यातच आहे.”

“असं मनात आणू नका,” सुकुमार म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याला स्वतःच्या चपला ओळखू येईनात. सगळे निघून गेले तेव्हा उरल्या त्या त्याच्या.

तेव्हापासून तो त्या घराकडं फिरकला नव्हता. पण दुकानात बसवेना, घरात बोलवेना. शेवटी एका दुपारी त्यानं गाडी काढली आणि उस्तादांच्या शेडपुढं आणून उभी केली. कितीतरी दिवसांनी तो इथं आला होता. आल्या आल्या त्यानं विचारलं ते हेच, चूक कुणाची.

“तो पोरगा जेवत नाही म्हणे,” उस्ताद टेम्पोतूनच म्हणाले.

“ऐकलं मीही.”

“हं.”

“उस्ताद, मी कायद्याचं विचारतोय. उद्या कुणी विचारलं तर दोष कुणाला लागेल? बटण दाबणाऱ्याला, की गाडी गियरमध्ये ठेवणाऱ्याला?”

“तो एकच माणूस आहे.”

“म्हणजे त्यालाच ना?”

उस्ताद हळूहळू बाहेर सरकले. गुडघ्यावर हात टेकून उठले. चिंध्यांनी बोटं पुसली, एकेक करून, नखांच्या कडांपर्यंत. मग शेडच्या बाहेर गेले आणि सुकुमारच्या गाडीपुढं, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बंपर त्यांच्या गुडघ्यांना जवळजवळ लागत होता.

“हिला बसवलायस रिमोट?”

“हो.”

“कुठाय?”

“खिशात.”

“दाब.”

सुकुमारला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“काय?”

“बटण दाब.”

“उस्ताद, बाजूला व्हा.”

“का? गियरमध्ये आहे?”

“नाही. न्यूट्रलला आहे. हँडब्रेक ओढलाय.”

“मग दाब की.”

सुकुमारनं रिमोट बाहेर काढला. अंगठा बटणावर ठेवला. गाडी न्यूट्रलला होती, त्याला पक्कं आठवत होतं. हँडब्रेकचा कर्रकर्र आवाजही त्यानं ऐकला होता. आणि समजा आठवणीत चूक झाली असती तरी या गाडीत तीन ठिकाणी अडवणूक होती. तिन्ही त्यानं स्वतः तपासली होती, कारण त्याची लेक पार्किंगमध्ये खेळायची.

त्याला सगळं माहीत होतं. तरी अंगठा खाली जाईना.

उस्ताद त्याच्याकडं बघत होते. रागानं नाही. गाडीचा दिवा लागतो की नाही हे बघावं तसं.

“बाजूला व्हा उस्ताद. हात जोडतो.”

“खोट आहे कामात?”

“नाही हो. ही मी नीट बसवलीय.”

...

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरला.

“ही तेवढी,” उस्ताद म्हणाले.

सुकुमार तिथंच, धुळीत, खाली बसला.

मग तो बोलला. भरतेशच्या गाडीला गियरचा स्विच त्यानं बसवलाच नव्हता. गिऱ्हाईक घाईत होतं आणि त्याच्यापेक्षा सुकुमार घाईत होता. हँडब्रेकची तार तेवढी जोडली होती. हँडब्रेक ओढला की ती तार गाडीच्या बॉडीला टेकायची आणि पेटीला समजायचं, आता सुरू करायला हरकत नाही. पण भरतेश गाडी गियरमध्ये लावायचा, हँडब्रेक ओढायला विसरायचा, आणि मग रिमोटनं गाडी सुरूच व्हायची नाही. त्यानं तक्रार केली. सुकुमार त्याच्या घरी गेला, ती तार सोडवली आणि एका स्क्रूनं बॉडीला कायमची आवळून टाकली. झालं. आता हँडब्रेक ओढलेला असो नसो, पेटीला वाटायचं ओढलेलाच आहे. अंगणाचा उतार त्याला समोर दिसत होता. गुरुजींनी त्याला आतून ताक आणून दिलं होतं. ते पीत पीतच त्यानं स्क्रू आवळला होता.

“त्याला सांगितलं होतंस, तू काय केलंस ते?”

“म्हणालो, आता कटकट संपली.”

उस्ताद अजून भिंतीशीच उभे होते.

“तारेला खोटं बोलायला शिकवलंस,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

“पोलिसांना सांगितलं तर दुकान जाईल, उस्ताद.”

...

“केस होईल. लेक लहान आहे.”

...

“काहीतरी बोला.”

“अशा अजून किती गाड्या आहेत?”

सुकुमारनं मान वर केली. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नव्हता. गुरुजी, भरतेश, पोलीस, दुकान, याच्या पलीकडं त्याचा विचार गेलाच नव्हता. आता एकेक गाडी डोळ्यांपुढं यायला लागली. कोल्हापूर रस्त्यावरच्या डॉक्टरांची. क्लास घेणाऱ्या बाईंची, त्यांच्या दारात कायम पोरांची गर्दी. कुपवाडच्या कारखानदाराची. प्रत्येकाला त्यानं तेच वाक्य ऐकवलं होतं, आता कटकट संपली.

तो उठला. कपडेही न झटकता गाडीत बसला. उस्ताद बाजूला झाले.

त्या दिवसापासून सुकुमार दारोदार हिंडला. “तुमच्या गाडीत मी एक चूक करून ठेवलीय, काढू द्या,” असं म्हणायचा आणि डॅशबोर्डखाली शिरायचा. काहींनी काढू दिलं. काहींनी शिव्या दिल्या. कारखानदार म्हणाला, “चालतंय ते कशाला बिघडवता?” त्याच्या फाटकापाशी सुकुमार बसून राहिला, शेवटी त्याच्या बायकोनंच किल्ली आणून दिली.

मगदूमांच्या घरी तो सगळ्यात आधी गेला होता. डॉक्टरांच्याही आधी.

भरतेश अंगणातच बसला होता. जाईचा वेल सुकून भिंतीला चिकटला होता. सुकुमारनं उभ्या उभ्याच सांगितलं. तार, स्क्रू, ताक, सगळं.

भरतेश ऐकत राहिला.

“पण गाडी गियरमध्ये मीच ठेवली होती ना?”

“हो.”

“बटण मीच दाबलं ना?”

“हो... पण ती सुरू व्हायला नको होती, भरतेश. ती नाही म्हणत होती. तिचं तोंड मी बांधलं.”

भरतेशनं त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, की राग नव्हता. बुडणाऱ्या माणसाला कळावं की शेजारी आणखी एक जण बुडतोय, तसं काहीतरी होतं.

दारात त्याची आई येऊन उभी होती. तिनं किती ऐकलं कुणास ठाऊक. ती सुकुमारकडं बघून म्हणाली, “त्यांनी तुम्हाला ताक दिलं होतं.”

मग मुलाला म्हणाली, “आत ये. दोन घास खा.”

भरतेश उठला. दार लागलं. सुकुमार उन्हात बराच वेळ उभा होता. नंतर तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेला.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. केस झाली, ती चालू आहे. काचेच्या दाराला कुलूप लागलं. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली, भांडून नव्हे, नुसती गेली. भरतेश जेवतो, कामावर जातो. मात्र घरात गाडी ठेवली नाही त्यांनी, आणि सुकुमार रस्त्यात दिसला तर तो दुसऱ्या बाजूनं जातो.

पावसाळा सरता सरता सुकुमार पुन्हा शेडमध्ये आला. या वेळी चालत. उस्ताद एका बसच्या मागच्या दिव्याचं काम करत होते. तो शेजारी उकिडवा बसला. उस्तादांनी पक्कड त्याच्यापुढं केली. त्यानं घेतली. तारेचं साल काढताना त्यानं पक्कड इतकी आवळली की आतलं तांबंच तुटलं.

त्यानं पक्कड खाली ठेवली.

“सगळ्या गाड्या झाल्या, उस्ताद. एक सोडून.”

...

“मालकानं विकली ती. ज्याला विकली त्यानं पुढं विकली. बेळगावकडं गेली म्हणतात, कुणी म्हणतं त्याच्याही पुढं. मी तिकडं जाऊन आलो. नंबर बदलला असेल. सापडत नाही.”

उस्ताद तुटलेल्या तारेकडं बघत होते.

“कुठंतरी कुणाच्या तरी दारात उभी असेल ती. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच येतं मनात. तिच्यापुढं कोण उभं असेल... कुठली पोरं खेळत असतील... मी खरं बोललो, उस्ताद. कोर्टात बोललो, त्यांच्या दारात बोललो. पाया पडायचं तिथं पडलो. मला वाटलं होतं, बोललं की हलकं होईल.”

“हं.”

“नाही झालं.”

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि थांबला.

“हे ओझं कधी उतरणार, उस्ताद?”

उस्तादांनी पक्कड उचलली. तारेचं तुटकं टोक कापून टाकलं, उरलेली तार त्याच्या हातात दिली.

“उतरवून कुणाच्या डोक्यावर ठेवणार आहेस?”