सकाळचं चित्र

हिमालयातल्या एका गावाच्या खूप वर, उभ्या चढावर, एक चौकी होती. तिथे सदानंद नावाचा निरीक्षक एकटाच राहायचा. काम सोपं होतं. एक उपग्रह रोज सकाळी आणि संध्याकाळी डोंगरावरून जायचा. त्याच्या सूक्ष्मलहरींना ना ढग आडवे येत, ना अंधार. कोरडा बर्फ चित्रात उजळ दिसे आणि वितळू लागलेला ओला बर्फ काळा. काळा दिसला, की गावच्या ओढ्याला पूर यायची भीती. सदानंदने चित्र पाहायचं आणि वायरलेसवरून गावाला सांगायचं. गाव ‘बरं’ म्हणायचं आणि यंत्र बंद करायचं. अख्ख्या हिवाळ्यात माणसाचा तेवढाच एक शब्द त्याच्या वाट्याला येई. मग तो स्टोव्हशी बोलत बसे. स्टोव्ह निदान फुरफुरायचा तरी.

वसंतात गावाने ओढ्याकाठी जत्रा ठरवली. सरपंच यांगचेनकाकी वायरलेसवर म्हणाल्या, "बर्फ कोरडा असेल तरच जत्रा भरवू. भरली तर तुम्हीही उतरा खाली. तुमचं ताट वाढून ठेवते."

आदल्या संध्याकाळचं चित्र काळंकुट्ट होतं. जत्रेच्या सकाळचं मात्र उजळ आलं. रात्रीच्या थंडीने वरचा पापुद्रा गोठतो आणि सकाळचं चित्र फसवतं, हे सदानंदला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे वाढलेलं ताट होतं. त्याने सोयीचं चित्र निवडलं आणि कळवलं, "कोरडा आहे."

खालून चक्क हसू ऐकू आलं. "या मग लवकर!"

दाढी करून, धुतलेला सदरा घालून तो निघाला. ऊन चढलं होतं. पहिल्याच वळणावर त्याची काठी कडक कवच फोडून खोल आत गेली आणि ठिबकत वर आली. बर्फाच्या पोटात पाणी वाहत होतं. खालून ढोल ऐकू येत होते. पोरंबाळं ओढ्याकाठीच असणार. चालत पोचेपर्यंत उशीर झाला असता, आणि वायरलेस तर चौकीत. परत जाऊन खोटं कबूल करायचं, म्हणजे ताट गेलं आणि उद्यापासून ते ‘बरं’ही गेलं. पण त्याने ढोलांकडे पाठ फिरवली आणि धापा टाकत वर धावला.

"काकी, मी खोटं सांगितलं. मला यायचं होतं म्हणून सांगितलं. बर्फ ओला आहे. सगळ्यांना काठावरून हलवा!"

पलीकडून ‘बरं’सुद्धा आलं नाही.

दुपार कलताच ओढा फुगला. जत्रेची जागा वाहून गेली, माणसं वाचली. चौकीची वाटही वाहून गेली. आता बरेच दिवस वर कोणी येणार नव्हतं. सदानंद त्या धुतलेल्या सदऱ्यातच बसून राहिला. त्या संध्याकाळी तो स्टोव्हशीही बोलला नाही.

दिवेलागणीला वायरलेस खरखरला. यांगचेनकाकींचा राग अजून उतरला नव्हता. "पुन्हा असं केलंत, तर तोंड बघणार नाही तुमचं!" मग त्या म्हणाल्या, "जेवलात का?"

तात्पर्य: सोबतीची कितीही ओढ असली तरी खोटं सांगू नये; सांगितलंच, तर वाढलेल्या ताटाकडे पाठ फिरवून वेळेत कबूल करावं. आणि जो रोज आपल्याला खबर देतो, त्याचीही कधी खबर घ्यावी.