केंजळे सरांचा आकडा

"मग चौदाचे पाच केले, तर तुमच्या नावाचं काय राहिलं, सर?"

केंजळे सर चहा गाळत होते. त्यांनी गाळणं भांड्याच्या कडेवर दोनदा आपटलं, दोन्ही कप भरले आणि कमी भरलेला स्वतःकडे घेतला.

"आधी चहा घे."

सकाळचे सहा वाजले होते. इतक्या लवकर कशाला बोलावलंय, हे वैजयंतीला कळलं नव्हतं. सरांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की बुधवारी ये, सहाला ये, रविवारी मुळीच नको. म्हाताऱ्या माणसाची लहर, असं म्हणून ती आली. सरांनी बोलावलं आणि ती गेली नाही, असं बावीस वर्षांत झालं नव्हतं.

वैजयंती मोहोळकर ही तळेगिरी नगरपालिकेची नगररचनाकार. शहरात कुणाला इमारत बांधायची, तर नकाशा हिच्या टेबलावरून जायचा. याच टेबलावर पूर्वी केंजळे सर बसत. नोकरीची पहिली चार वर्षं ती त्यांच्या हाताखाली शिकली, आणि शिकली म्हणजे खरोखरच शिकली, रणरणत्या उन्हात टेपचं दुसरं टोक धरून.

पहिल्याच दिवशी मोजणीच्या वहीत तिचा एक आकडा चुकला. तिनं खोडरबर काढला. सरांनी तो तिच्या हातातून घेतला आणि सरळ खिडकीबाहेर फेकला. मोजणीच्या वहीत खोडायचं नसतं, म्हणाले. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही करायची. तिला तेव्हा रडू आलं होतं. पुढं हीच गोष्ट ती ऑफिसातल्या नव्या लोकांना इतक्या वेळा आणि इतक्या कौतुकानं सांगायची, की बिचारे ऐकून ऐकून कंटाळले.

सरांचा आकडा मात्र सगळ्या शहराला ठाऊक होता. एका घराला एक मोटार. जितकी घरं बांधाल, तितक्या मोटारींची जागा स्वतःच्या आवारात सोडा. रस्त्यावर एक चाक येता कामा नये. तीस वर्षांपूर्वी सरांनी स्वतः तांबट आळीत दिवसभर उभं राहून गाड्या मोजल्या आणि त्यावरून हा नियम झाला. ऑफिसात त्याला कुणी नियम म्हणतच नसे. 'केंजळे सरांचा आकडा' म्हणत.

तो आकडा वैजयंतीनं जिवापाड सांभाळला. किती बिल्डर आले, किती नगरसेवक टेबलाशी ताटकळले, कुणाची डाळ शिजली नाही. एकदा जिन्यात कुणीतरी म्हणालं, मोहोळकरबाई वाकत नाहीत. ते तिनं ऐकलं, आणि खोटं कशाला बोला, त्या दिवशी तिला घरी जाईपर्यंत गोड गोड वाटत होतं.

गोची केली ती शारदा निवासनं.

तांबट आळीतली तीन मजली इमारत, चौदा बिऱ्हाडं. आणि दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, भाड्यानं राहणारे खुद्द केंजळे सर. गेल्या पावसाळ्यानंतर इमारत धोकादायक ठरली. छताला टेकू लागले. त्यातला एक सरांच्या खोलीच्या अगदी मधोमध होता, निलगिरीचा जाड वासा. सरांनी त्याला खिळा ठोकून छत्री अडकवली होती, आणि आता घरात जाता येता त्याला वळसा घालायची त्यांना सवयही झाली होती.

मे अखेर सगळ्यांनी घरं सोडायची होती. नव्या इमारतीचा नकाशा तीनदा आला आणि तिन्ही वेळा वैजयंतीच्याच सहीनं परत गेला. चौदा घरं, म्हणून चौदा मोटारी. आणि त्या चिंचोळ्या जागेत आडव्या लावा, उभ्या लावा, पाचाच्या पुढं सहावी बसत नव्हती. नकाशा मंजूर नसताना घर सोडलेली माणसं पुन्हा त्या जागी राहायला येत नाहीत. हे तिनं शहरात दोन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता नगरपालिका गाड्यांचा नियम नव्यानं करणार होती. जुना आकडा ठेवायचा की बदलायचा, याचा अभिप्राय आज अकरा वाजता वैजयंतीनं द्यायचा होता. दोन कागद तिनं तयार करून पर्समध्ये आणले होते. एक ठेवा म्हणणारा, एक बदला म्हणणारा. सही एकावरही नव्हती.

"बदलला तर लोक म्हणतील, गुरूचं घर वाचवायला बाईनं गुरूचाच आकडा मोडला," ती म्हणाली.

"आणि ठेवला तर?"

वैजयंतीनं पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"ठेवला तर काय म्हणतील, वैजू?"

"म्हणतील, बाई वाकल्या नाहीत."

सरांनी चहाचा घोट घेतला.

"ऐकायला बरं वाटत असेल."

जिन्यातलं ते बोलणं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सरांना असल्या गोष्टी कशा कळतात कोण जाणे, पण कळायच्या.

खाली नळाला पाणी आलं. बादल्या, कळशा, हाका. आळी एकदम जागी झाली.

सर म्हणाले, माझी मोजणीची वही तू वाचली होतीस ना? वैजयंती म्हणाली, वाचली म्हणजे काय, पाठ आहे. आणि तिनं शाळेतल्या हुशार मुलीसारखं म्हणूनही दाखवलं. तांबट आळी, घरं एक्केचाळीस, मोटारी त्रेचाळीस.

"तारीख?"

वैजयंतीनं कप खाली ठेवला.

"तारीख नाही पाठ केलीस?"

ती तिनं कधी पाहिलीच नव्हती. आकडा सरांचा, म्हणजे तारखेची काय गरज?

सर उठले. टेकूला वळसा घालून कपाटाशी गेले, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली वही घेऊन आले. गाठ त्यांना सुटेना. वैजयंतीनं सोडवली. वही आपोआप एका पानावर उघडली, कारण त्या पानात काहीतरी होतं.

आपट्याचं पान. वाळून तपकिरी झालेलं, शिरा तेवढ्या उरलेल्या.

वैजयंतीनं पान पाहिलं. मग कोपऱ्यातली तारीख वाचली. ऑक्टोबरातली होती. मग पुन्हा पान पाहिलं.

"दसरा," ती म्हणाली.

"हं."

मग सरांनी सांगितलं ते असं. त्यांची कोकणातून बदली होऊन दोनच महिने झाले होते. सुट्टीचा दिवस बरा, गाड्या आपापल्या घरी असतात, असा त्यांचा हिशेब. गाड्यांना हार होते, ते त्यांनी पाहिले. पण दसऱ्याला गाड्यांना हार कुठं नसतात? त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती, जी तळेगिरीत शेंबड्या पोरालाही माहीत असते. आळीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे, आणि दसऱ्याला शहरात ज्याच्याकडं चाक म्हणून आहे, तो ते धुऊन पुसून त्या मारुतीपुढं आणतो. नारळ फोडायला सकाळपासून रांग लागते, ती आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दूध संघाची जीप, लग्नाच्या वरातीच्या मोटारी, वीटभट्टीचा ट्रॅक्टरसुद्धा. सरांनी घाम पुसत पुसत सगळ्या मोजल्या. एकही सोडली नाही. संध्याकाळी कुणीतरी त्यांच्या हातावर सोनं ठेवलं, ते त्यांनी वहीत ठेवून दिलं.

वैजयंतीला हसू आलं. मग ते जागच्या जागी विरलं.

"तुम्हाला कळलं कधी?"

"पुढच्या दसऱ्याला. रांग लागलेली पाहिली, आणि इथं पायरीवर बसलो."

"मग सांगितलं का नाही, सर?"

खाली कुणाची तरी कळशी भरून वाहत होती.

"कौतुक झालं होतं गं."

एवढंच. शाल मिळाली होती, दुसऱ्या गावची माणसं नियम बघायला आली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. ते तिला माहीत होतं. त्या समारंभाचा फोटो अजून ऑफिसात होता आणि त्यावरची धूळ तीच पुसायची.

तिला राग आला. तीन नकाशे तिनं परत पाठवले होते, छाती पुढं काढून. कुणासाठी? मारुतीपुढं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरसाठी. आणि त्याच वेळी समोर बसलेला हा माणूस, कोपराशी विरलेला स्वेटर घातलेला, स्वतःच्याच आकड्यापायी घरात खांब रोवून घेतलेला. राग धरावा तर धरवेना. पहिल्या दिवशी खोडरबर गेला तेव्हा आलं होतं, तसंच रडू तिला आत्ता आलं.

सरांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"वही घे. खाली जा."

"आत्ता?"

"आज बुधवार आहे. सण नाही, हार नाही. कुणी कामाला गेलेलं नाही, आणि पाणी आलंय म्हणून सगळे जागे आहेत."

बुधवारी का, सहाला का, हे तिला आत्ता कुठं समजलं. साडीचा पदर खोचून ती जिना उतरली.

आळीच्या एका टोकापासून तिनं सुरुवात केली. दारादारात थांबून विचारलं, मोटार आहे का, असली तर कुठं ठेवता. बायका कळशी खाली न ठेवताच उत्तरं देत होत्या. घरं अजूनही एक्केचाळीसच होती. स्कूटरी आणि मोटारसायकली मिळून सहासष्ट. मोटारी नऊ. त्यातल्या एकीच्या टपावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या आणि चाकांत हवा नव्हती. एकजण आपली मोटार नदीकाठच्या मैदानात लावतो असं कळलं, म्हणून तिनं दहा लिहिल्या. त्या पापड्यांच्या गाडीपाशी ती जरा थांबली. मग, गाडी ती गाडी, म्हणून तीही ठेवली.

शारदा निवासच्या नळावर बागवानकाकू भेटल्या, पहिल्या मजल्यावरच्या. त्यांनी बादली बाजूला सारून वैजयंतीचा हात धरला. भांडायला नव्हे. चाळीस वर्षं इथं राहतोय, म्हणाल्या, मेनंतर कुठं जायचं ते तेवढं सांगा, म्हणजे सामान बांधायला घेते. वैजयंतीनं सांगते म्हटलं, आणि हात सोडवून न घेता तशीच थोडा वेळ उभी राहिली.

वर आली तेव्हा तिला दम लागला होता. सरांनी चहा पुन्हा गरम केला होता. ती म्हणाली, घरं एक्केचाळीस, मोटारी दहा. चार घरांना एक. म्हणजे शारदा निवासच्या चौदा घरांना चार पुरतील, आणि जागा तर पाचांची आहे.

सरांनी बोटांवर हिशेब करून पाहिला. बरोबर होता.

"पण एका आळीवरून सगळ्या शहराचं ठरवायचं का, सर?"

"मी ठरवलं होतं."

आता मात्र दोघंही हसले, सर तर ठसका लागेपर्यंत. मग वैजयंतीनं पर्समधून दोन्ही कागद काढले. ठेवा म्हणणारा फाडला. बदला म्हणणाऱ्याखाली आणखी चार ओळी लिहिल्या, की तांबट आळीची मोजणी आज, बुधवारी, सकाळी सहानंतर मी स्वतः केली. बाकीच्या पेठांची सण नसलेल्या दिवशी, माणसं घरी असताना, पंधरा दिवसांत करून घ्यावी. आणि जिथं जितक्या गाड्या भरतील, तितकीच जागा तिथं मागावी. खाली सही केली.

"लोक बोलतील, सर."

"बोलतीलच."

"गुरूचं घर वाचवलं म्हणतील."

"वाचतंय ना पण? इथं बागवानकाकूही राहते."

मग राहिली फक्त वही.

ती तिनं मांडीवर घेतली. आपट्याचं पान उचलून अलगद बाजूला ठेवलं. सरांच्या तिरक्या, ठसठशीत अक्षरातले ते त्रेचाळीस. याच अक्षराकडं बघून तिनं आपलं अक्षर वळवलं होतं. तिनं पेन टेकवलं...

उचललं.

पुन्हा टेकवलं.

"माझ्याच्यानं नाही होत, सर. तुमचा आकडा आहे. मी मारली रेघ, तर तुमचं काही उरणार नाही यात."

सरांनी चष्मा लावला. टेकूच्या अलीकडं, तिच्या शेजारी, जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी तिचं पेन धरलेलं मनगट हातात घेतलं, पहिल्या वर्षी टेप धरायला शिकवताना घ्यायचे तसंच, आणि त्रेचाळीसवर आणून ठेवलं.

"एकच रेघ मार, वैजू. खालचा आकडा वाचता आला पाहिजे."