दुखणं गेलं ते कुठे?

"गेलं? गेलं म्हणजे कुठे गेलं?"

उजागरेबाईंनी दारातूनच विचारलं. खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती.

निनाद सोनटक्के हसला. "कुठे म्हणजे... बऱ्या झाल्या, बाई. गयाबाईंचा डावा पाय महिनाभर ठणकत होता. आठ दिवसांपूर्वी उजवाही धरला. काल रात्रीपासून दोन्ही गप्प! दहापैकी आठ दुखत होतं, आज शून्य."

हे सांगताना त्याचा ऊर भरून आला होता. त्याला कारणही होतं. फिजिओथेरपीच्या परीक्षेत पहिला आलेला हा मुलगा नगर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी मुद्दाम बाईंचा हात शिकायला आला होता. बाईंनी चाळीस वर्षं कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात हातापायांचे व्यायाम घेतले होते आणि निवृत्तीनंतर इथे दोन खोल्यांचं उपचारकेंद्र चालवत होत्या. त्यांच्या बोटांत जादू आहे, असं लोक म्हणत.

दोन महिने झाले. बाईंनी त्याला एकही हात शिकवला नव्हता. "पेशंटजवळ बस," एवढंच म्हणायच्या.

शेवटी त्याने गयाबाई शेलारांना आपल्याच जबाबदारीवर हातात घेतलं. बरं करून दाखवू, मग सांगू... असा त्याचा बेत.

बाईंनी पिशवी ठेवली. पण आत आल्या नाहीत. दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे बघत राहिल्या.

"यातली ही एक चप्पल जोडीशिवाय आहे. कुणाची?"

बाकावर बसलेल्या गयाबाई पुढे वाकल्या. शाळेत खिचडी शिजवणारी, चाळिशीची, दणकट बाई. "माझीच की! दोन व्हत्या..." त्यांनी उंबऱ्यापलीकडे पाहिलं. "अगं बया. वाटंत पडली जणू."

"कळलं नाही पडलेली?"

"न्हाई. पाऊल जरा जड झाल्यागत हाय. पर दुखत न्हाई, हे काय थोडं झालं?"

निनादला गंमत वाटली. चपलेचा आणि उपचाराचा काय संबंध? पण बाईंच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. त्या गयाबाईंच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"बसलं की बुडाखाली कसं लागतं?"

निनाद कानापर्यंत लाल झाला. गयाबाईंनी त्याच्याकडे पाहून पदर सावरला.

"याला बाहेर पाठवू?" बाईंनी विचारलं.

"...राहू द्या. तुम्ही हायत नव्हं." गयाबाईंनी आवाज उतरवला. "घोंगडीची घडी करून तिच्यावर बसल्यावानी लागतं. माझं बूड माझं न्हाईच जणू!"

त्या स्वतःच हसल्या. दुसरं कुणी हसलं नाही.

"लघवी कधी झाली?"

"काल... दुपारी. मग जाऊन बसते, पर येतच न्हाई. उन्हाचे दिस, पाणी कमी प्याले आसंन."

"पण मी विचारलं होतं!" निनादने झटक्यात फाईल उघडली. "तीन आठवड्यांपूर्वी. हे बघा, 'मूत्रविसर्जनाची तक्रार : नाही.' यांनीच सांगितलंय!"

बाईंनी गयाबाईंकडे पाहिलं.

"तवा तसं काय नव्हतंच," गयाबाई म्हणाल्या. "पर खरं सांगू? काय इचारलं तेबी मला कळलं नव्हतं. हे डाक्टर घाईत व्हते. म्हणलं, न्हाई म्हणावं."

निनादने फाईल मिटली. तीन आठवड्यांत त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नव्हता. उजवा पाय दुखायला लागला त्या दिवशीसुद्धा.

बाई गयाबाईंना पडद्यामागे घेऊन गेल्या. जाताना कापसाचा बोळा घेतला.

पडद्याबाहेर उभ्या असलेल्या निनादला फक्त आवाज ऐकू येत होते.

"डोळे मिटा. कापूस लावला की 'हं' म्हणायचं."

शांतता.

"आता?"

...

"आता?"

...

"आता?"

"लावा की बाई," गयाबाईंचा आवाज आला. "कवाची वाट बघतीय."

पुस्तकातलं हे पान निनादला तोंडपाठ होतं. कण्याच्या तळाशी नसांचा जुडगा असतो. मणक्यांमधली गादी सरकून त्यावर दाब आला की बैठकीची जागा बधिर होते, लघवी अडते. मग हातात फार तास उरत नाहीत. परीक्षेत त्याने यावर पूर्ण गुण मिळवले होते. त्या पानात खिचडी शिजवणारी बाई नव्हती, एवढंच.

बाई बाहेर आल्या आणि थेट फोनकडे गेल्या. शहरातल्या सर्जनशी दोन मिनिटं बोलल्या. "उद्या नाही, डॉक्टर. आत्ता निघतायत." फोन ठेवून त्यांनी जीप बोलावली.

गयाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "म्या न्हाई जायची! दुखून दुखून जीव गेला तवा कुणी आपरेशन म्हणलं न्हाई. आता दुखायचं थांबलं तर पाठ फाडायची? आन् शाळंतल्या एकशेचाळीस पोरांनी काय खायचं?"

बाईंनी नुसतं निनादकडे पाहिलं.

तो पुढे झाला आणि गयाबाईंसमोर खाली फरशीवर बसला.

"गयाबाई, माझं चुकलं. दुखणं थांबलं ते मी बरं केलं म्हणून नाही. तुमच्या नसा दबून मुक्या झाल्यात. आज मोकळ्या केल्या नाहीत, तर लघवी-संडासचं कळणं कायमचं जाऊ शकतं. चालणंही."

गयाबाई पुन्हा बाकावर बसल्या.

"कायमचं?"

"हो."

"...तुम्ही येता का संगं?"

तो गेला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्याने त्यांचा हात घट्ट धरला. दुपारी तपासणी झाली, दिवस मावळायच्या आत शस्त्रक्रिया. गयाबाईंना दहा दिवस लघवीची नळी होती. अकराव्या दिवशी ती काढली आणि तासाभराने त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी बातमी दिली, "झाली!" निनादला त्या क्षणी रडावं की हसावं कळेना. डाव्या पावलाची करंगळीकडची बाजू मात्र बधिरच राहिली. ती कधी जागी होईल, होईल की नाही, हे सर्जनही सांगू शकले नाहीत.

पुढच्या आठवड्यात निनाद बाईंसमोर येऊन बसला. हात शिकवा, हे तो विसरूनच गेला होता. त्याला दुसरंच काही जाणून घ्यायचं होतं.

"बाई, बरं झालं ऐकलं की माणूस खूश होतो. तुम्ही 'कुठे गेलं' असं का विचारलंत?"

"चाळीस वर्षं माझ्याकडे जी माणसं आली, त्यांचे हातपाय कुष्ठरोगाने बधिर झालेले, काही दुखत नव्हतं," बाई म्हणाल्या. "तवा हातात धरायची, हात भाजायचा, आणि हसत दाखवायला यायची. एखादा कळवळला की मला बरं वाटायचं."

निनादने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मी यादी केलीय. वजन उतरलंय का, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, ताप, छातीत दाटणं, पोटरीला सूज... आणि लघवीचं, बधिरपणाचं ते सगळं. साध्या भाषेत लिहिलंय. आता प्रत्येकाला, प्रत्येक वेळी विचारणार."

बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. "चांगली आहे."

"काही राहिलंय?"

बाईंनी कागद त्याला परत दिला. हातात पेन दिलं. आणि स्वतः उठून पेशंटच्या बाकावर जाऊन बसल्या.

"मला विचार."

तो थोडा लाजला, पण लगेच सावरून बसला.

"लघवीला काही अडचण येते?"

"नाही," बाई म्हणाल्या.

निनादने लगेच मान खाली घालून कागदावर खूण केली. "बरं. वजन कमी—"

"निनाद," बाई म्हणाल्या, "माझं अजून बोलून व्हायचं होतं."