अढीतला टोमॅटो

भाज्यांना वाचा होती त्या काळी, गारपिटीच्या भीतीने येसूवहिनीने टोमॅटो हिरवेच तोडून पाट्याशेजारी ठेवले. भाजून, मिरची-लसणाबरोबर त्यांची चटणी वाटायची होती.

त्यातला एक थरथरत म्हणाला, "लाल झालो तरच वाचेन!" आणि घरंगळत आंब्यांच्या अढीत, गवतात शिरला.

तिथेही जिवाला चैन नव्हती. वरवंटा वाजला की तो शेजारच्या आंब्याला विचारी, "दादा, झालो का मी लाल?"

"कळ काढ, बाबा," आंबा म्हणे.

इकडे तापाने अन्न तुटलेले सासरे त्या चटणीमुळे रोज चतकोर भाकरी खाऊ लागले. लाल टोमॅटो त्यांना मिळमिळीत लागे. एके दिवशी चटणी संपली आणि त्यांनी ताट सारलं. येसूवहिनी कासावीस झाली. "देवा, एक तरी हिरवा टोमॅटो सापडू दे! नाहीतर मामंजी उपाशी राहतील."

ते ऐकून टोमॅटोला राहवेना. "मी आहे! मला घ्या!" तो ओरडला.

तिने धावत येऊन गवत बाजूला केलं, त्याला उचललं, आणि तिचा चेहरा उतरला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा तर लाल झाला."