यंत्राची ओटी

वाती वळता वळता ऐका, बायांनो. एका नगरीत प्रधानांनी मडकी घडवणारं यंत्र आणलं आणि कुंभारांना नगर सोडायला सांगितलं. तोच राजकन्येचं लग्न ठरलं. लग्नाची मडकी आणायची तर आधी कुंभारणीची ओटी भरायची, ही तिथली रीत. प्रधान हटले नाहीत. त्यांनी यंत्रालाच शालू नेसवला, कुंकू लावलं आणि ओटी भरली. यंत्रानं नारळाचा चुरा केला.

"झाली रीत!" प्रधान म्हणाले.

भिवरा कुंभारीण हात जोडून म्हणाली, "सवाष्णीची ओटी भरलीत, छान झालं. आता तिचे यजमान कोण, तेवढं सांगा. नगरात तर तिला तुम्हीच आणलंत!"

राणी तोंडाला पदर लावून हसली. प्रधान घाईनं शालू सोडवत ओरडले, "कुंभारांनी कुठेही जायचं नाही!"

यंत्र आता कुंभारवाड्यात माती मळतं. देव सगळ्यांच्या हाताला काम देवो, त्याच्याही पोटाला तेल देवो.