गळक्या होडीची रदबदली

बेटावर जपान्यांचा अंमल बसला आणि त्यांच्या कप्तानाने पहिलं काम काय केलं, तर शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून गावच्या सगळ्या होड्या वाळूवर ओढून साखळदंडाने बांधल्या. तांदूळ पलीकडच्या बेटावर पडून, आणि इकडे गाव दोन महिने उकडलेल्या कंदांवर. शेवटी मालवणहून येऊन इथे राहिलेले जगन्नाथ तांडेल दुभाष्याला घेऊन कप्तानापुढे उभे राहिले.

कप्तान म्हणाला, "होड्या आता फौजेच्या. फौजेला लागतील त्याच दिवशी पाण्यात उतरतील."

"ठीक आहे, साहेब," तांडेल म्हणाले. "फक्त त्या दिवशी आपण होडीत बसू नका."

कप्तानाचा हात तलवारीकडे गेला. तांडेलांनी शांतपणे शेजारच्या होडीत घागरभर पाणी ओतलं. फळ्याफळ्यांमधून ते वाळूवर गळालं.

"उन्हात लाकूड आकसतं, साहेब. होडी भरल्या वजनाने पाण्यात फिरली तरच फळ्या भिजून फुगतात आणि फटी मिटतात."

"मग दगड भरा."

"दगडांनी तळ फुटेल," रिकामी होडी कलंडू नये म्हणून जन्मभर तिच्यात दगडच भरत आलेले तांडेल साळसूदपणे म्हणाले. "पोती बरी. भरलेली पोती पलीकडच्या बेटावर आहेत."

कप्तानाने ओल्या वाळूवर बुटाचं टोक दाबून पाहिलं. मग त्याने हुकूम लिहिला, की फौजेच्या होड्या शाबूत राहाव्यात म्हणून त्या दर आठवड्याला पलीकडे जाऊन भरून याव्यात.

पहिला भात शिजला तेव्हा गाव तांडेलांच्या पाया पडायला आलं. ते मागे सरले. पहिला घास त्यांनी त्या होडीच्या टोकावर ठेवला.

"हिच्या पाया पडा," ते म्हणाले. "ही वेळेवर गळली म्हणून आपण जेवतोय."