अकरावी जागा

“एकूण जागांत एक वाढली आणि ह्यांची एक कमी झाली. असंच म्हणतोस ना?”

“असंच. किती वेळा सांगू, स्वामीजी?”

बॅरिस्टर दिगंबर सबनीसांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. कातळमठापर्यंत मोटार येत नाही. शेवटचा चढ त्यांना बुटांनिशी चढावा लागला होता. त्याचाही राग होताच.

तीन संस्थानांचा मिळून एक संघ व्हायचा होता. त्याचं एक विधिमंडळ व्हायचं होतं. राजेवड आणि शिरसोली ही दोन सपाटीवरची संस्थानं, प्रत्येकी सहा लाख वस्तीची. तिसरं घोणशेत, डोंगरातलं, दोन लाखांचं. कुणाच्या वाट्याला किती जागा, हे ठरवायचं काम सबनीसांकडे होतं. आकडेमोडीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं तिन्ही दरबारांचं मत होतं.

त्यांचं स्वतःचंही होतं.

स्वामी अद्वयानंद पूर्वाश्रमी हायस्कुलात गणित शिकवायचे. सबनीस त्यांचेच विद्यार्थी.

“परत सांग,” स्वामी म्हणाले. हातातल्या काटकीनं ते अंगणातल्या मातीत आकडे मांडू लागले.

“वस्तीच्या प्रमाणात हिस्सा काढायचा. त्यातल्या पूर्ण जागा आधी द्यायच्या. उरलेल्या, ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. दहा जागा होत्या तेव्हा मोठ्या दोघांचा हिस्सा चार आणि वर थोडं. घोणशेतचा एक आणि वर थोडं. एक जागा उरत होती. घोणशेतचं ‘थोडं’ सगळ्यांत मोठं, म्हणून ती त्यांना गेली. चार, चार, दोन.”

“आणि अकरा केल्यावर?”

“आता दोन जागा उरतात. पण अपूर्णांक मोठे झाले ते त्या दोघांचे. पाच, पाच, एक.”

काटकी मातीत बराच वेळ फिरली. मग थांबली.

“बरोबर आहे,” स्वामी म्हणाले.

“बरोबर आहेच!” सबनीस जवळजवळ ओरडले. “बरोबर आहे म्हणून तर आलो. हिशेब चुकला असता तर दुरुस्त करून मोकळा झालो असतो. तुम्ही फक्त त्यांना समजावून सांगा. ते तुमचंच ऐकतात.”

“तू सांग,” स्वामी म्हणाले. “ते काय, बसलेत.”

मठाच्या ओसरीवर दोन माणसं दोन टोकांना बसली होती. एकाच्या डोक्याला फडकं गुंडाळलेलं. तो सखोबा ढेबे, वरल्या रानातल्या धनगरांचा म्होरक्या. दुसऱ्याचा हात गळ्यात बांधलेला. तो धावजी लोहकरे, खालच्या खोऱ्यातल्या कोळ्यांचा.

घोणशेतात ह्या दोघांच्या माणसांचं चराईवरून आणि पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण. दोन जागा मिळणार म्हटल्यावर स्वामींनी मोठ्या मिनतवारीनं त्यांची समजूत घातली होती. एक तुमची, एक त्यांची. मग बातमी आली की एकच मिळणार. आठवड्याच्या बाजारात काठ्या निघाल्या. दोघेही मार खाऊन, एकमेकांना शिव्या देत मठात आले होते. ती एक जागा कुणाची हे स्वामींनीच सांगावं, त्याशिवाय हलायचं नाही, म्हणून बसले होते.

सबनीस ओसरीकडे गेले. घसा साफ केला.

“हे पाहा मंडळी, तुमची एक जागा कमी झालीय, पण त्यात अन्याय कुणाचाच नाही.”

सखोबानं मान वर केली. “आमच्याकडली मान्सं मेली का काय?”

“नाही.”

“त्यांच्याकडं पोरं जास्त झाली?” धावजीनं विचारलं.

“नाही. वस्ती होती तेवढीच आहे.”

“मग आमची जागा घेतली कुणी?”

“घेतली नाही कुणी. ती... गेली.”

“कुठं?”

सबनीसांनी डोळे मिटले. उघडले. अपूर्णांक काय असतो ते सांगायला सुरुवात केली. भाकरीचे तुकडे करून दाखवले. दोघांनी निमूट ऐकून घेतलं.

“म्हंजी भाकरी थापली एक जास्तीची,” सखोबा सावकाश म्हणाला, “आन आमच्या ताटातली गेली.”

“होय!” सबनीस म्हणाले. “नाही! म्हणजे... होय.”

“आन तुमी म्हणता हिशोब बरोबर.”

“अहो, बरोबरच आहे!”

“मग असू द्या बरोबर,” सखोबा म्हणाला. “ती एक आमची.”

“तुझ्या बापाची!” पलीकडून धावजी उसळला.

पुन्हा सुरू झालं. कुणाची गुरं कुणाच्या रानात, कुणाच्या आज्यानं कुणाचं पाणी तोडलं. दोघेही बोलत होते एकमेकांना, पण बघत होते स्वामींकडे.

“सांगून टाका ना एकाचं नाव!” सबनीस वैतागून म्हणाले. “तुमचा शब्द दोघंही मानतील. संपलं.”

स्वामी उठले. काटकी फेकून दिली. सबनीसांचं मनगट धरून त्यांना आत घेऊन गेले आणि दार लावून घेतलं.

आत अंधार होता. धुनीचा धूर डोळ्यांत जात होता.

“हे काय, स्वामीजी? ते एकमेकांचे जीव घेतील बाहेर!”

“बस.”

बाहेर आवाज चढले. काहीतरी धाडकन आपटलं. सबनीस दाराकडे निघाले. स्वामींनी त्यांच्या कोटाचं टोक धरून खाली बसवलं. शाळेत बसवायचे तसंच.

...

“अकरावी जागा कशाला वाढवलीस?” स्वामींनी विचारलं.

“कशाला म्हणजे? दहा माणसांत पाच-पाच झाले तर? ठराव अडकणार. रस्ता नाही, शाळा नाही, काही नाही. जन्मभर बसतील एकमेकांची तोंडं बघत. अकरावा असला की एक बाजू जिंकते. काम पुढे जातं.”

“भांडणं होऊ नयेत म्हणून वाढवलीस.”

“हो.”

सबनीसांना ते बोलणं लागलं.

“मला काय ह्यांच्या डोक्यात काठ्या घालायच्या होत्या? दहा ठेवल्या तर मोठे दोघे ओरडतात की हिस्सा चाराच्या वर असूनही आम्हाला चारच आणि डोंगरातल्या मूठभरांना दोन. अकरा केल्या तर हे ओरडतात. नऊ केल्या तर आणखी कुणीतरी उठेल. कुठलाही आकडा घ्या, कुणीतरी म्हणणारच, आमचं गेलं. आणि प्रत्येकाचं खरं असतं! हेच तर सहन होत नाही मला. एखादा तरी खोटं बोलत असता...”

त्यांनी रुमालानं डोळे पुसले. धुरानं असेल.

...

मग त्यांच्या लक्षात आलं की बाहेर शांतता आहे.

त्यांनी कान दिला. दोघेही मेले की काय, अशी एक भीती त्यांना चाटून गेली.

“ठणकतंय का रं अजून?” धावजीचा आवाज आला. घोगरा, रागीटच.



“रातच्याला ठणकतंय,” सखोबा म्हणाला. “तुजा हात?”

“वळत न्हाई.”

“तेल चोळ. कोमट करून.”

मग धावजी म्हणाला, “ती जागा तुला दिली, तर आमच्या पाण्याचं बोलशील का तिथं?”

“न्हाई बोलणार.”

“मग देत न्हाई.”

“नको देऊ.”

भांडण तिथंच होतं. पण आवाज आता दोन टोकांवरून येत नव्हते. कुणीतरी सरकलं होतं. कोण, ते दाराआडून कळायला मार्ग नव्हता.

सबनीस बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. शेवटी ती डोक्यावर ठेवली.

“दहाच ठेवतो,” ते म्हणाले. “चार, चार, दोन. दोन्ही मोठे दरबार माझ्यावर उखडणार. उखडू देत.”

स्वामींनी मान डोलावली. त्यांनी दार उघडलं. ऊन भसकन आत आलं.

सबनीस उंबरठा ओलांडून थांबले. मागे वळले. त्यांच्या कपाळावरची आठी अजून गेली नव्हती.

“पण खरोखरच पाच-पाच झाले, स्वामीजी, तर सभा उठायची कशी?”

स्वामींनी ओसरीवर जवळ सरकून बसलेल्या दोघांकडे बोट दाखवलं. “उठायची नाही.”